बॅसिलसची भिंत ऋणभारित, डीएनएही ऋणभारित. मग तो चिकटतो कसा आणि आत जातो कसा?

गवती_बॅसिलस (प्रश्न)

नमस्कार मंडळी. कोल्हापूरला एमएस्सी मायक्रोच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी बॅसिलस सब्टिलिस १६८ मध्ये एक प्लाझ्मिड (डीएनएचं छोटं सुटं वर्तुळ) घालायचंय. परवा सेमिनारमध्ये नॅचरल ट्रान्सफॉर्मेशनची (बॅक्टेरियाने बाहेरचा डीएनए स्वतःहून आत घेण्याची) स्लाइड लावली आणि एक्स्टर्नलनी तिथेच अडवलं. म्हणाले, ग्रॅम पॉझिटिव्ह भिंतीत टायकोइक अ‍ॅसिड असतं, म्हणजे फॉस्फेटच्या माळा, म्हणजे ऋणभार. डीएनएचा कणाही फॉस्फेटचाच. मग हे दोघे जवळ येतातच कसे? मी "मॅग्नेशियममुळे" म्हणालो. त्यावर पुढचा प्रश्न, "बरं, चिकटला. आता एवढ्या जाड पेप्टिडोग्लायकनच्या भिंतीतून आत कसा गेला?" स्लाइडवर तिथे नुसता बाण होता.

पुस्तकं चाळली. सगळीकडे पेशीपटलावरच्या प्रोटीनांची नावं आहेत, भिंतीबद्दल अर्धं वाक्यही नाही. डीएनए घेताना बॅक्टेरिया भिंतीत काही बदल करतात का, की ती आहे तशीच राहते?

आणि एक प्रॅक्टिकल रडगाणं. एलबीमध्ये रात्रभर वाढवलेला कल्चर, कॅल्शियम क्लोराइड, ४२ अंशांचा हीट शॉक, डीएच५-अल्फा या इकोलायमधून काढलेलं मिनिप्रेप प्लाझ्मिड. प्लेटवर एकही कॉलनी नाही. कुठे चुकतंय?

---

ऑटोक्लेव्ह_मामा

कॅल्शियम क्लोराइड ताजं बनव, बर्फावर अर्धा तास जास्त ठेव, हीट शॉक सेकंद मोजून दे. बहुतेक कॉम्पिटंट (डीएनए घ्यायला तयार) सेल्स मेलेल्या असतील. नाहीच जमलं तर इलेक्ट्रोपोरेशन. थिअरीचं जाणकार सांगतील, आपण मीडिया ओतणारी माणसं.

---

भित्तिका

मामा, तुमचा सल्ला इकोलायसाठी सोळा आणे खरा. सब्टिलिसला मात्र त्याचा उपयोग नाही, म्हणून आधी तेवढं निस्तरते.

इकोलायला आपण डीएनए बळजबरीने पाजतो. कॅल्शियमची युक्ती १९७० मध्ये मँडेल आणि हिगा यांनी दाखवली, तेव्हापासून जगभरच्या प्रॅक्टिकलमध्ये तीच चालू आहे. सब्टिलिस १६८ स्वतःहून डीएनए घेतो, हे स्पिझायझेन यांनी १९५८ मध्येच दाखवलंय. पण तो घेतो त्याच्या वेळेला. ग्लुकोजच्या मिनिमल माध्यमात वाढ मंदावायला लागली की त्याच्या आत कॉमके नावाचं प्रोटीन साचतं आणि डीएनए घेण्याची सगळी यंत्रणा उभी राहते. तीही सगळ्या पेशींत नाही, चांगल्या कल्चरमध्ये दहा-वीस टक्क्यांत. एलबीमध्ये रात्रभर भरपेट वाढलेल्या पेशींत ही यंत्रणा जवळजवळ नसतेच. मग त्यांना ४२ अंशांवर ठेव नाहीतर ५२ वर, आत काही जायचं नाही.

आता तुझा खरा प्रश्न. तुझ्या एक्स्टर्नलना माझा नमस्कार सांग, कारण त्यांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. मी पीएचडीला याच भिंतीवर काम केलं (आता एन्झाइम बनवणाऱ्या कंपनीत फर्मेंटर सांभाळते) आणि पाठ्यपुस्तकातल्या त्या बाणाचा मला फार जुना राग आहे. भिंत ३० नॅनोमीटरच्या आसपास जाड, डीएनए २ नॅनोमीटर रुंद, आणि मधल्या सगळ्या जागेत बाण!

मॅग्नेशियम हे उत्तर चूक नाही, अपुरं आहे. टायकोइक अ‍ॅसिडच्या माळा मॅग्नेशियम धरून ठेवतात. माध्यमात मॅग्नेशियम पकडून घेणारं ईडीटीए टाकलं की डीएनए घेणं थांबतं हेही जुनं निरीक्षण आहे. शिवाय माळांवर ठिकठिकाणी डी-अ‍ॅलानिन लागलेलं असतं, त्याचा धनभार थोडा ऋणभार मारतो. एवढ्यावर विश्वास ठेवायचा तर निष्कर्ष काय निघतो? टायकोइक अ‍ॅसिड हा अडथळा आहे, मॅग्नेशियम तो कसाबसा झाकतं, आणि टायकोइक अ‍ॅसिड कमी केलं तर डीएनए जास्त चिकटायला हवा.

प्रत्यक्षात उलटं होतं. फ्रान्समधल्या एका गटाने २०१८ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये हे छापलं. भिंत बांधण्याच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर मारा करणारी अँटिबायोटिक्स त्यांनी अगदी कमी मात्रेत वापरली, म्हणजे पेशी मरणार नाहीत पण ती पायरी लंगडी पडेल अशी. यातलं ट्युनिकामायसिन बघ. कमी मात्रेत ते टॅगओ या एन्झाइमला अडवतं. भिंतीला जोडलेलं टायकोइक अ‍ॅसिड बनवायची पहिली पायरी तीच. मात्रा वाढवली तर ते पेप्टिडोग्लायकनलाही हात घालतं, म्हणून मात्रा जपून ठेवावी लागते. टायकोइक अ‍ॅसिड बनणं अडलं आणि डीएनए पृष्ठभागाला चिकटणंच बंद पडलं. ज्याला आपण अडथळा समजत होतो, त्याच्याशिवाय पकड बसत नाही.

त्याहून पुढची गोष्ट अशी की कॉम्पिटन्सच्या, म्हणजे डीएनए घ्यायला तयार असण्याच्या, काळात पेशी हे टायकोइक अ‍ॅसिड नव्याने बनवते आणि त्यात फेरफार करते. ट्युआएच नावाचं, साखर जोडणाऱ्या कुटुंबातलं एक एन्झाइम त्यात गुंतलेलं दिसतं. म्हणजे डीएनए धरायच्या वेळी पृष्ठभागाची केमिस्ट्री मुद्दाम बदललेली असते. डीएनए थेट त्या माळांना चिकटतो की त्या माळांमुळे दुसरं काही जागेवर बसतं आणि ते डीएनए धरतं, यावर त्या शोधनिबंधाने दोन्ही दारं उघडी ठेवली आहेत. तूही ठेव. व्हायव्हात "टायकोइक अ‍ॅसिड हा डीएनएचा रिसेप्टर आहे" असं ठोकून दिलंस तर पुढचा प्रश्न तुला झेपणार नाही.

जरा आडवळण. बॅसिलसचे फाज (बॅक्टेरियाला लागणारे विषाणू) चिकटतात ते याच टायकोइक अ‍ॅसिडवर, त्यावरच्या ग्लुकोजला. बाहेरून न्यूक्लिक अ‍ॅसिड आत यायचे दोन्ही रस्ते एकाच पॉलिमरवरून जातात. मला यात फार गंमत वाटते.

भिंतीतून आत कसा, यावर एक प्रयोग सांगते, तो लक्षात ठेव. पेशीपटलावर कॉमईए नावाचं प्रोटीन आहे, डीएनए धरणारं. भिंतीत कॉमजी कुटुंबातल्या प्रोटीनांचा छोटा दांडा उभा राहतो, पिलस या बॅक्टेरियाच्या केसासारखा. त्यातलं मुख्य कॉमजीसी. कॉमजी काढून टाकलं तर कॉमईए जागेवर असूनही अख्ख्या पेशीला डीएनए धरता येत नाही. आता त्याच कॉमजी नसलेल्या पेशीची भिंत लायसोझाइमने उतरवायची. सुक्रोजसारख्या माध्यमात, नाहीतर भिंत गेलेल्या पेशी, म्हणजे प्रोटोप्लास्ट, फुटतील. या उघड्या पेशीला डीएनए चिकटतो! कॉमईए लागतं, कॉमजी लागत नाही. प्रोव्हेदी आणि डबनाऊ यांचं हे १९९९ चं काम. म्हणजे कॉमजीचं काम डीएनएला भिंत पार करून कॉमईएपर्यंत पोचवणं, एवढं यातून अगदी स्वच्छ दिसतं. मला विचारशील तर या विषयातला सगळ्यात देखणा प्रयोग हाच.

त्यानंतरचं तुझ्या पुस्तकात असेल. दोन धाग्यांतला एक कापून टाकला जातो, दुसरा कॉमईसीच्या वाटेने आत जातो. ते मी उगाळत नाही.

---

गवती_बॅसिलस

ताई, एवढं सविस्तर! मनापासून आभार. प्रोटोप्लास्टचा प्रयोग वाचून लगेच वहीत चित्र काढलं.

एक शंका. दांडा भिंतीतून आरपार असेल तर त्याच वेळी भिंत वाढत असताना काय होतं? नवीन पेप्टिडोग्लायकन घुसत राहिलं तर दांडा वाकडा होणार नाही का?

---

भित्तिका

या प्रश्नावर मी तुला शंभरपैकी नव्वद दिले असते.

पेशी बांधकाम थांबवते. कॉम्पिटंट सब्टिलिस लांबीने वाढत नाही आणि विभागतही नाही. तुला एमआरईबी माहीत असेल, दांड्याच्या आकाराच्या बॅक्टेरियात लांबीच्या बाजूची भिंत कुठे बांधायची याची व्यवस्था पाहणारं. कॉमजीए, म्हणजे त्याच कॉमजी कुटुंबातलं प्रोटीन, एमआरईबीशी जोडी जमवून लांबी वाढणं रोखून धरतं. हे २०१५ चं काम, त्याच फ्रेंच गटाचं. डीएनए ओढायच्या यंत्रणेतलाच एक भाग भिंतीच्या गवंड्यांना सुट्टी देतो.

याचा सुगावा फार आधी लागला होता, फक्त कारण कळलं नव्हतं. १९६३ मध्ये नेस्टर आणि स्टॉकर यांनी पाहिलं की डीएनए घेतलेल्या पेशी त्यानंतर बराच वेळ पेनिसिलिनने मरत नाहीत. पेनिसिलिन मारतं ते भिंत बांधणाऱ्या पेशींना. जिने बांधकामच बंद ठेवलंय तिला त्याचं काय? ही कॉम्पिटंट पेशी वाढणाऱ्या पेशींपेक्षा कमी घनतेची असते, त्यामुळे ग्रेडियंटवर फिरवून वेगळीही काढता येते.

आणि ही यंत्रणा उभी राहते मुख्यतः पेशीच्या टोकांजवळ. बॅसिलसच्या टोकांची भिंत फारशी बदलली जात नाही, उलथापालथ चालते ती मधल्या नळकांड्यात. म्हणून टोक सोयीचं असावं, असं मला वाटतं. हा माझा तर्क आहे, उत्तरपत्रिकेत लिहू नकोस.

---

वॉर्ड_नंबर_सात

फिजिशियन आहे, मायक्रोबायॉलॉजी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षानंतर सुटली. पण ट्रान्सफॉर्मेशन म्हटलं की आम्हाला न्यूमोनिया करणारा न्यूमोकॉकस आठवतो. ट्रान्सफॉर्मेशन पहिल्यांदा दाखवणारे ग्रिफिथचे १९२८ चे उंदीर, मग १९४४ मध्ये रॉकफेलर संस्थेत ते डीएनएनेच होतं हे दाखवणारे अ‍ॅव्हरी, मॅकलिऑड, मॅकार्टी. न्यूमोकॉकसही ग्रॅम पॉझिटिव्हच. त्याच्या भिंतीतही असंच काही घडतं का? पेनिसिलिनला न जुमानणारे न्यूमोकॉकस आम्हाला त्रास देतात म्हणून विचारतोय.

---

भित्तिका

डॉक्टरसाहेब, तुमचा न्यूमोकॉकस आमच्या सब्टिलिसपेक्षा पुष्कळ उपद्व्यापी. सब्टिलिस भिंतीचं काम थांबवून गप्प बसतो, हा शेजाऱ्याची भिंत पाडतो.

याच्या टायकोइक अ‍ॅसिडवर फॉस्फोकोलिन लागलेलं असतं. बॅक्टेरियात ही चीज दुर्मीळ आहे, आणि न्यूमोकॉकसला वाढायलाच कोलिन लागतं. अलेक्झांडर टोमाझ यांनी, तेही रॉकफेलरलाच, १९६८ मध्ये एक साधी अदलाबदल केली. माध्यमात कोलिनऐवजी इथॅनोलअमाइन दिलं. न्यूमोकॉकसने तेच टायकोइक अ‍ॅसिडवर लावलं आणि वाढत राहिला. पण पेशी एकमेकांपासून सुट्या होईनात, लांबच लांब साखळ्या झाल्या. स्वतःहून फुटायचा त्याचा स्वभाव गेला. आणि डीएनए घेणं बंद! भिंतीतल्या एका लहानशा रेणूच्या बदलाने तिन्ही गोष्टी एका फटक्यात गेल्या. जीन वगैरे कुणी हात न लावता.

कारण पुढे उलगडत गेलं. न्यूमोकॉकस १७ अमिनो आम्लांचं एक पेप्टाइड बाहेर सोडतो, सीएसपी. ते पुरेसं साचलं की कॉम्पिटन्स सुरू होतं आणि अर्ध्या-पाऊण तासात आटोपतंही. त्या वेळात तो सीबीपीडी नावाचं एन्झाइम बाहेर फेकतो. त्याच्या एका टोकाला कोलिनवर बसणारा भाग, दुसऱ्याला पेप्टिडोग्लायकन कापणारा. ते शेजारच्या, कॉम्पिटंट न झालेल्या भावंडावर जाऊन बसतं आणि लायटए, लायटसी या मदतनिसांसह त्याची भिंत उसवतं. भावंड फुटलं की त्याचा डीएनए मोकळा. भाऊबंदकी आपल्याकडेच असते असं नाही.

आता स्वतः कसा वाचतो? कॉमएम नावाचं प्रोटीन त्याच वेळी बनवतो, ते त्याचं चिलखत. हेच कॉमएम पेशीविभाजनही थोडं पुढे ढकलतं, आत आलेला डीएनए गुणसूत्रात नीट बसेपर्यंत. म्हणजे इथेही भिंतीच्या कामाला थोडा विराम आहेच, फक्त सांगणारं प्रोटीन वेगळं. पण कॉमएम एकटं पुरत नाही. लोझानच्या गटाने २०२३ मध्ये प्लॉस बायॉलॉजीत दाखवलं की कॉम्पिटन्सच्या काळात टायकोइक अ‍ॅसिड बनवणारे जीन जगण्यासाठी अत्यावश्यक होतात. टायकोइक अ‍ॅसिडची माळ भिंतीला जोडायची शेवटची पायरी प्रामुख्याने लायटआर हे एन्झाइम करतं. कॉमएमच्या जोडीला हे लायटआरही शाबूत असेल तरच न्यूमोकॉकस स्वतःच्याच सीबीपीडीपासून वाचतो.

त्याच कामात तुमच्या उपयोगाची आणखी एक गोष्ट आहे. कॉम्पिटन्समध्ये सीबीपीडीमुळे पेशीच्या मध्यभागी भिंतीची अशी डागडुजी होते की पीएसपीए, पीएसपीसी ही प्रोटीनं जास्त उघडी पडतात. ही दोन्ही कोलिनवर बसलेली, आजार घडवण्याशी संबंधित. म्हणजे डीएनए घेण्याची तयारी करता करता तो आपल्या पेशींना चिकटायलाही जास्त तयार होतो.

पेनिसिलिनचं म्हणाल तर तिथे भिंत आणि ट्रान्सफॉर्मेशन यांची गाठ आणखी घट्ट आहे. पेनिसिलिन ज्यांना धरतं ती पीबीपी एन्झाइमं भिंतच बांधतात. २एक्स, २बी, १ए यांचे प्रतिरोधक जीन गोधडीसारखे तुकडे जोडून बनलेले सापडतात, त्यातले काही तुकडे स्ट्रेप्टोकॉकस मायटिससारख्या घशातल्या निरुपद्रवी नातेवाइकांकडून आलेले. आणि न्यूमोकॉकसच्या गुणसूत्रावर कॅप्सूलचे (पेशीबाहेरच्या साखरेच्या वेष्टनाचे) जीन बसलेत ते नेमके पीबीपी २एक्स आणि १ए यांच्या मधे. एखादा लांब तुकडा आत आला तर कॅप्सूलचा प्रकार आणि पेनिसिलिनचा प्रतिकार एकाच वेळी बदलू शकतो. लसी कॅप्सूलच्या प्रकारांवर बेतलेल्या असतात, पुण्याच्या सीरमची दहा प्रकारांची न्यूमोसिलही तशीच, त्यामुळे लस आल्यावर कोणते प्रकार फिरतायत यावर नजर ठेवावी लागते.

---

वॉर्ड_नंबर_सात

कॅप्सूल दोन पीबीपींच्या मधे आहे हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. आणि काही अँटिबायोटिक्सनीच कॉम्पिटन्स सुरू होतं असं ऐकलंय, खरं का?

---

भित्तिका

खरं. न्यूमोकॉकसकडे इकोलायसारखी एसओएस (डीएनएला घाव बसला की जागी होणारी) यंत्रणा नाही. डीएनएवर घाव घालणारी मायटोमायसिन-सी, फ्लोरोक्विनोलोन यांच्यामुळे त्याचं कॉम्पिटन्स चालू होतं, हे २००६ मध्ये सायन्समध्ये आलं होतं. प्रयोगशाळेतलं निरीक्षण आहे, वॉर्डात किती घडतं ते वेगळं. औषध द्यायचं तेव्हा द्याच, पण सर्दीपडशाला नको. हे मी तुम्हाला काय सांगणार.

---

ऑटोक्लेव्ह_मामा

भाऊबंदकी पटली. आमच्याकडे सात-बाराचा उताराही सीबीपीडीनेच फाटला असावा.

पण पोराचं प्लाझ्मिड राहिलं की हो.

---

भित्तिका

नाही राहिलं, येतेच त्याच्याकडे.

बाळा, कॅल्शियम आणि हीट शॉक दोन्ही विसर. स्पिझायझेनच्या मिनिमल माध्यमात ग्लुकोज, थोडे कॅसअमिनो अ‍ॅसिड आणि मॅग्नेशियम सल्फेट. ट्रिप्टोफॅन घालायला विसरू नकोस, १६८ ला ते स्वतः बनवता येत नाही (ट्रिपसी२ हा जीनमधला दोष), आणि कॅसअमिनोमध्ये ते नसतं, कारण आम्लाने केसिन फोडताना ट्रिप्टोफॅन नष्ट होतं. ३७ अंशांवर चांगलं हलतं ठेव. दर अर्ध्या तासाने ओडी (कल्चरचा गढूळपणा) घे, आलेख काढ. वाढीची रेषा जिथे वाकायला लागते तिथून साधारण दीड तासाने पेशी सगळ्यात तयार असतात. तेव्हा डीएनए घाल.

दुसरी भानगड तुझ्या प्लाझ्मिडमध्ये आहे. डीएच५-अल्फामध्ये रेकए (डीएनएचे सारखे भाग जुळवून जोडणारं प्रोटीन) नसतं, त्यामुळे त्यातून बहुतेक सुटी वर्तुळं मिळतात. सब्टिलिस आत घेतो तो एकच धागा, तोही तुकड्याने. सुट्या वर्तुळाचा तो धागा परत वर्तुळ व्हायला स्वतःवर चढणारा भाग शिल्लक राहत नाही. दोन-तीन प्रती सलग जोडलेलं प्लाझ्मिड असेल तर काम होतं. रेकए शाबूत असलेल्या इकोलायमधून, जेएम१०१ चालेल, प्लाझ्मिड नव्याने काढ आणि न कापता जेलवर पळव. सुट्या वर्तुळाच्या वर जड पट्टे दिसले तर ते वापर.

---

गवती_बॅसिलस

न कापलेल्या प्रेपमध्ये वर जड पट्टे दिसले की ते घाण म्हणून टाकून द्यायचे असं आमच्याकडे शिकवलंय. जेएम१०१ शेजारच्या लॅबमध्ये आहे, मागून घेतो. कंट्रोल काय ठेवू? आणि कमी मात्रेतलं ट्युनिकामायसिन करून बघण्यासारखं आहे का?

---

भित्तिका

ट्युनिकामायसिन महाग आहे, माणसालाही विषारी आहे, आणि प्रोजेक्टला त्याची गरज नाही. त्याऐवजी ईडीटीएची एक नळी ठेव, स्वस्तात तेच कुतूहल भागेल. पण पेशी धुऊनच प्लेटवर टाक, नाहीतर ईडीटीए प्लेटपर्यंत जाईल.

कंट्रोल असे ठेव. एका नळीत डीएनए नाही. एका नळीत डीएनएला आधी डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम), मग पेशी. आणि एका नळीत पेशी आणि डीएनए अर्धा तास एकत्र ठेवून नंतर डीएनेज. पहिल्या दोन रिकाम्या आणि तिसरीत कॉलनी आल्या, तर डीएनए भिंतीच्या आत सुरक्षित पोचला होता. प्लाझ्मिडबरोबर एखाद्या ट्रिप्टोफॅन बनवू शकणाऱ्या सब्टिलिसचा जीनोमिक डीएनएही वापर, आणि त्या नळ्या ट्रिप्टोफॅन नसलेल्या मिनिमल प्लेटवर लाव. त्याला वर्तुळ व्हायची कटकट नाही. तिथे कॉलनी आल्या आणि प्लाझ्मिडच्या प्लेटवर नाही आल्या तर दोष पेशींचा नाही, प्रेपचा आहे. ओडीचा आलेख इथे टाक, वेळ कुठे पकडलीस ते पाहून सांगते.